उधारीवरचा हिवाळा

लुधियानाचे होजिअरी व्यापारी तिबेटी विक्रेत्यांना हंगामाचा सगळा माल शब्दावर देतात, हे ऐकून होतो. तारण नाही, जामीन नाही. हिवाळा सरला की हिशेब. निर्वासित म्हटलं की बँका हात आखडतात आणि इथे अख्खा धंदा उधारीवर उभा आहे. तो बघायला नागपुरातल्या तिबेटी स्वेटर बाजारात गेलो.

ताडपत्र्या सोडायच्या, गठ्ठे फोडायचे, माल टांगायचा, हे सकाळी तासाभरात उरकतं. आमा-ला मात्र दिवसभर घड्या घालत असतात. सत्तरी गाठलेल्या या बाईंना बाजारातले तरुण याच नावाने हाक मारतात. बाह्या आत, गळा वर, तळव्याचा एक दाब, की घडी तयार. समोरचं गिऱ्हाईक सात-आठ स्वेटर उलगडून, नाक मुरडून निघून गेलं. आमा-लांनी मान वर न करता पहिला स्वेटर पुन्हा हातात घेतला. नव्या लोकरीचा उग्र वास त्यांच्या बोटांनाही लागलेला होता.

“तीन महिने, भाऊ. दिवाळी ते संक्रांत. त्यात वर्ष काढायचं.”

त्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीतल्या. १९७२ साली ती वसली. कसायला जमीन मिळाली, पण पावसाच्या भरवशावरच्या धानावर घर चालेना. मग स्वेटर आले. घरची माणसं आधी लुधियानाला जाऊन माल निवडतात, नंतर इथे दुकान थाटतात. थंडी पडली नाही तर? “माल राहतो. लुधियानाचे पैसे तरी द्यायचेच.” ही पत त्यांच्या आधीच्या पिढीने कमावलेली आहे. कुणी पैसे बुडवले तर पुढच्या वर्षी सगळ्यांनाच माल मिळायचा नाही, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

१९५९ नंतर आमा-ला आईच्या पाठुंगळी तिबेटमधून सीमा ओलांडून भारतात आल्या. उभं आयुष्य विदर्भात गेलं, तरी कायद्याने त्या परदेशीच. नोंदणीचा दाखला वेळोवेळी नवा करून घ्यावा लागतो. शेजारी बिल फाडणारा त्यांचा मुलगा १९८४ साली इथेच जन्मला. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यांना कायदा जन्माने नागरिक मानतो. म्हणजे एकाच गल्ल्यावर बसलेली आई परकी आणि लेक देशाचा.

केंद्राने २०१४ साली तिबेटी पुनर्वसन धोरण आणलं. तिबेटींना व्यवसायाचे परवाने द्यावेत, असं त्यात लिहिलेलं आहे. मात्र अंमलबजावणी राज्यांच्या मर्जीवर सोडलेली. मुलाला विचारलं, सगळ्यात मोठी अडचण कोणती? मला वाटलं, भांडवल म्हणेल. तो म्हणाला, “जागा. दर वर्षी नव्याने शोधा, नव्याने भाडं ठरवा. तीन महिन्यांतले पहिले दिवस त्यातच जातात.”

पैशाची सोय या माणसांनी आपल्या सचोटीवर केव्हाच केली. सरकारकडून त्यांना हवं आहे ते फार थोडं. विदर्भातल्या महापालिकांनी आणि नगरपालिकांनी दिवाळीच्या महिनाभर आधी या बाजाराची जागा आणि भाडं लेखी ठरवून द्यावं, आणि पुढची काही वर्षं ते बदलू नये.