पाय वाचवणारा क्ष-किरणतज्ज्ञ

शेतकऱ्याचा पाय गेला म्हणजे काय जाते, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. रात्री दारे धरायला कोण जाणार? डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन बांधावरून कोण चालणार? आणि पाय जातो तो दर वेळी मळणीयंत्रात सापडूनच जातो असे नाही. कुणाच्या अंगठ्याला चप्पल चावते, कुणाला बाभळीचा काटा मोडतो. जखम महिना-महिना भरत नाही. बोट आधी निळे, मग काळे पडते. माणूस रात्रभर खाटेवर पाय खाली सोडून कळवळत बसतो. आणि एक दिवस डॉक्टर सांगतात, "पाय काढावा लागेल."

अशाच एका म्हातारीची हकीकत आज तुम्हाला सांगायची आहे. ती आपल्याकडची नव्हे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला ऑरेगन नावाचे राज्य आहे, तिथल्या पोर्टलंड शहरातली. साल १९६४. बाईंचे वय ८२. डाव्या पायाची बोटे सडली होती, पाऊल थंडगार पडले होते. शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. बाई म्हणाल्या, नाही कापू देणार. डॉक्टरांनी समजावले तरी ऐकेनात. शेवटी त्यांचे शल्यविशारद डॉ. विल्यम क्रिपेन यांनी त्याच रुग्णालयातल्या क्ष-किरण विभागाच्या प्रमुखाला विचारले, "तुम्हाला काही करता येते का पाहा." त्या प्रमुखाचे नाव डॉ. चार्ल्स डॉटर.

आता तुम्ही म्हणाल, क्ष-किरणवाल्याचा इथे काय संबंध? तो फोटो काढतो, हाड मोडले की नाही ते सांगतो, संपले त्याचे काम. त्या काळी मोठमोठ्या डॉक्टरांचीही हीच समजूत होती. डॉटर यांनी ती कशी मोडली तेच तर सांगायचे आहे. पण त्याआधी पायाला नेमके होते काय, ते समजून घेऊ.

विहिरीवरून शेताकडे जाणारी पाइपलाइन डोळ्यांपुढे आणा. पाणी क्षाराचे असेल तर वर्षानुवर्षे पाइपाच्या आतून पांढरा थर चढत जातो. मोटर तीच, विहीर तीच, पण शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही आणि तिथले पीक माना टाकते. आपल्या अंगात हृदय ही मोटर आणि रोहिण्या हे पाइप. उतारवयात, आणि तंबाखू-विडी, मधुमेह व रक्तदाब असेल तर त्याच्याही आधी, रोहिणीच्या आतल्या अंगाला चरबीचा आणि चुन्याचा थर बसतो. पाय हा शेवटचा वाफा. चालताना पोटरीच्या स्नायूंना रक्त जास्त लागते, ते मिळत नाही म्हणून पोटरीत गोळा येतो. थांबले की बरे वाटते. पुढे बसल्या जागीही पाय दुखू लागतो. आणि रक्त अगदीच आटले की बोटे मरतात, म्हणजेच गँग्रीन होते.

हे थर साध्या एक्स-रे फोटोत नीट दिसत नाहीत. हाड दिसते, रक्त दिसत नाही. म्हणून रोहिणीत एक औषध सोडतात. ते क्ष-किरणांना अडवते, त्यामुळे रक्ताची वाट फोटोत झाडाच्या फांद्यांसारखी उमटते आणि जिथे फांदी बारीक झाली किंवा तुटली तिथे अडथळा आहे हे कळते. हे औषध नेमक्या जागी पोचवायचे तर शिरेत नळी घालावी लागते. त्याची सोपी युक्ती सेल्डिंगर नावाच्या स्वीडनमधल्या क्ष-किरणतज्ज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केली. जांघेत सुई टोचायची, सुईतून बारीक लवचीक तार आत सारायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून नळी आत ढकलायची. चिरफाड नाही, टाके नाहीत.

नळीची ही विद्या डॉटर यांच्या हातात पक्की बसलेली होती. त्यांचा जन्म १९२० सालचा, बॉस्टन शहरातला. लहानपणी अंगापिंडाने किरकोळ, त्यामुळे सांघिक खेळांपेक्षा एकट्याने डोंगर चढण्याचा नाद. दुसरा नाद यंत्रे खोलून बघण्याचा. ड्यूक विद्यापीठातून पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झाले आणि क्ष-किरण शाखेकडे वळले. वाहते रक्त एका फोटोत पकडता येत नाही, म्हणून १९५० च्या सुमारास त्यांनी सेकंदाला दोन फोटो घेणारी गुंडाळीच्या फिल्मची पेटी तयार केली. १९५२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, ऑरेगन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत प्राध्यापक आणि विभागप्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेहतीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, ते तिथेच राहिले.

प्राध्यापक म्हटले की डोळ्यांपुढे चष्मा आणि पुस्तके येतात. या गृहस्थांची खोली गावातल्या मिस्त्रीच्या दुकानासारखी असावी. नळीला तार हवी म्हणून त्यांनी गिटारच्या तारा वापरून पाहिल्या, फोक्सवॅगन गाडीच्या वेगमापकाची केबल वापरून पाहिली. १९६३ साली शिकागोच्या एका वैद्यकीय मेळाव्यात बिल कुक नावाचा तरुण दुकान मांडून टेफ्लॉनच्या नळ्या तापवून, ओढून तयार करत होता. डॉटर यांनी त्याची ज्योतीची बत्ती आणि कच्च्या नळ्या रात्रीपुरत्या उसन्या मागितल्या आणि सकाळी दहा तयार नळ्या आणून दिल्या. कुकने त्या तिथेच विकल्या, असे सांगतात. त्या ओळखीतून पुढे एक मोठा कारखाना उभा राहिला.

त्याच वर्षी डॉटर यांच्या हातून एक गोष्ट नकळत घडली. एका रुग्णाच्या पोटातल्या मोठ्या रोहिणीचा फोटो घेण्यासाठी त्यांनी जांघेतून नळी वर सारली. वाटेतली रोहिणी बंद होती, नळी त्या अडथळ्यातून सरळ पलीकडे गेली आणि मागे वाट मोकळी झाली. दुसरा कुणी असता तर फोटो काढून मोकळा झाला असता. डॉटर यांच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. नळी अडथळ्यापर्यंत नेतोच आहोत, तर नुसते बघून परत का यायचे? जून १९६३ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या कार्लोव्ही व्हारी गावी भरलेल्या परिषदेत त्यांनी हे उघड बोलून दाखवले. ही नळी केवळ रोग पाहण्याचे साधन नाही, कल्पकतेने वापरली तर ती शस्त्रक्रियेचे हत्यार होईल, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ.

म्हणून १६ जानेवारी १९६४ रोजी ती ८२ वर्षांची बाई त्यांच्या टेबलावर आली तेव्हा डॉटर तयारीत होते. फोटोत दिसले की मांडीतल्या मुख्य रोहिणीत एकाच जागी, थोड्याशा लांबीत, वाट अगदी अरुंद झालेली आहे. त्यांनी आधी बारीक तार त्या फटीतून पलीकडे नेली. तारेवरून एक बारीक टेफ्लॉनची नळी सरकवली आणि त्या नळीवरून दुसरी, जरा जाड. थर बाजूला दाबला गेला, वाट रुंदावली. बाई जाग्या होत्या. काही मिनिटांत थंड पाऊल गरम झाले, त्यावर लाली आली. आठवड्याभरात वेदना थांबल्या. जखमा भरत आल्या. तीन बोटे आधीच मेलेली होती, ती आपोआप गळून पडली, पण पाय राहिला. बाई दवाखान्यातून दोन्ही पायांवर चालत घरी गेल्या आणि पुढची सुमारे अडीच-तीन वर्षे, हृदयाच्या दुखण्याने मरण येईपर्यंत, आपल्या पायांनीच हिंडल्या-फिरल्या.

डॉटर यांनी आपले शिष्य मेल्विन जडकिन्स यांच्यासह त्याच वर्षी पहिल्या रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सगळ्यांनाच गुण आला नव्हता, आणि तसे त्यांनी लपवलेही नाही. मोठ्या मासिकात फोटो छापून आले. पण अमेरिकेतल्या शल्यविशारदांना हे रुचले नाही. कुणी म्हणाले रक्ताच्या गुठळ्या सुटतील, कुणी म्हणाले रोहिणी फाटेल. या शंका अगदीच पोकळ नव्हत्या. त्यांना 'वेडा चार्ली' असे नाव पडले. एका शल्यविशारदाने तर रुग्णासोबतच्या चिठ्ठीवर लिहूनच पाठवले होते, की फोटो काढा, दुरुस्त करायला जाऊ नका! डॉटर यांचे उत्तर गवंड्याच्या-मिस्त्रीच्या भाषेतले असे. नळकाम करणाऱ्याला जे पाइपात जमते, ते आम्हाला रक्तवाहिनीत का जमू नये? नळ आणि पान्हा यांची फुलीसारखी आकृती काढून ती ते आपली खूण म्हणून मिरवत.

मला या माणसाचे कौतुक वाटते ते एवढ्यासाठी, की थट्टा झाली म्हणून त्याने काम सोडले नाही आणि कामाचे पुरावे मांडणेही सोडले नाही. मध्येच त्यांना लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला, त्याचे किरणोपचार झाले. तरीही हे गृहस्थ डोंगर चढतच राहिले. अमेरिकेतली चौदा हजार फुटांहून उंच अशी सदुसष्ट शिखरे त्यांनी पायांखाली घातली! १९६९ साली त्यांनी कुत्र्यांच्या पायातल्या रोहिण्यांमध्ये तारेचे वेटोळे बसवून पाहिले, म्हणजे उघडलेली वाट पुन्हा मिटू नये. आज गावोगावच्या लोकांना 'स्टेंट' हा शब्द ठाऊक झाला आहे, त्याचा हा पूर्वज.

घरी ज्यांना वेडे म्हटले त्यांना युरोपने डोक्यावर घेतले. जर्मनीत त्झाइटलर यांनी ही रीत उचलली. तिकडे या कामाला 'डॉटर करणे' असा शब्दच रूढ झाला. त्यांच्याकडून ती आंद्रियास ग्रुंट्झिग हा तरुण डॉक्टर शिकला. जाड नळी ढकलण्याऐवजी त्याने नळीच्या टोकाशी फुगा बसवला. मिटलेला फुगा अडथळ्यात न्यायचा, तिथे फुगवायचा, पुन्हा मिटवून बाहेर काढायचा. १९७४ साली त्याने हा फुगा पायाच्या रोहिणीत वापरला आणि १९७७ च्या सप्टेंबरात झुरिक शहरात हृदयाच्या रोहिणीत. आपण ज्याला अँजिओप्लास्टी म्हणतो ती ही. म्हणजे आज हृदयाची वाट नळीने उघडते, तिचा उगम त्या म्हातारीच्या मांडीत आहे. १९७८ साली डॉटर यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचवले गेले. ते मिळाले नाही. १९८५ च्या फेब्रुवारीत ते वारले. त्याच वर्षी जानेवारीत जडकिन्स गेले होते, ऑक्टोबरात ग्रुंट्झिग विमान अपघातात गेला. १९९० मध्ये पोर्टलंडला डॉटर यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

आता आपल्या पायांकडे वळू. मधुमेहाच्या माणसाची अडचण दुहेरी असते. रक्त कमी पोचते आणि संवेदनाही मंद होते, त्यामुळे काटा रुतला तरी कळत नाही. अशा घरात रोज रात्री पाय धुऊन, पुसून, दिव्याच्या उजेडात तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. स्वतःला वाकता येत नसेल तर नातवाला बघायला सांगावे. बधिर पायाला विस्तवाचा किंवा गरम विटेचा शेक देऊ नका. चटका बसलेला कळत नाही आणि तिथेच जखम सुरू होते. चिखलात अनवाणी उतरणे टाळता येईल तेवढे टाळा.

विडी-तंबाखूचे काय सांगावे! तरुणपणी, चाळिशीच्या आतच, बोटे काळी पडणारा एक आजार आहे. तो बहुतेक तंबाखूवाल्यांनाच होतो आणि त्यात तंबाखू सुटल्याशिवाय कुठलाही उपाय टिकत नाही. फुगा घातला, वाट उघडली आणि दाराबाहेर येऊन विडी पेटवली, तर खर्च पाण्यात गेला म्हणून समजा.

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी धरते आणि थांबल्यावर सुटते, असे होत असेल तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना पावलावरची आणि घोट्यामागची नाडी तपासायला सांगा. घोट्याजवळचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहण्याची साधी, न दुखणारी तपासणी असते, डॉपलरचीही असते. त्यात अडथळा दिसला तर पुढचे ठरते. नळीने काम करणाऱ्या क्ष-किरणतज्ज्ञाला आता इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट म्हणतात. काही ठिकाणी हेच काम रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद करतात. फोटोचे औषध मूत्रपिंडावर भार टाकते, म्हणून मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा.

प्रत्येक पाय वाचतो असे मात्र नाही. सडण वर चढत असेल, ताप भरला असेल, विष अंगात भिनत असेल, तर पाय कापणे हाच जीव वाचवण्याचा मार्ग असतो आणि तिथे हट्ट धरू नये. पण तशी घाई नसेल आणि कुणी पाय काढायचे म्हणाले, तर सही करण्यापूर्वी विचारा, "रक्तवाहिनीचा फोटो काढला का? वाट उघडण्याजोगी आहे का?" खर्चाची धास्ती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन जा आणि हा उपचार योजनेत बसतो का, ते त्याच्याकडून खात्री करून घ्या. जखम काळी पडायची वाट पाहू नका. आठ-पंधरा दिवसांत भरत नसेल तर लगेच निघा.