परवानगी देण्यापूर्वी

बंगळूरमधील येलहंका येथे हवाई दलाच्या तळावर १९९६ पासून ‘एरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन भरत आले आहे. अशा प्रसंगी कॅमेऱ्याने टिपलेली छायाचित्रे अनेक जण मोबाइलवर घेतात. त्यासाठी कॅमेरा कंपनीचे अ‍ॅप वापरले जाते. हे अ‍ॅप मोबाइलमधील छायाचित्रे पाहण्याची परवानगी मागू शकते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. नवी छायाचित्रे साठवणे वेगळे आणि आधीची सर्व छायाचित्रे पाहणे वेगळे. मोबाइलमध्ये कुटुंबाची, आधार कार्डाची, बँक पासबुकाचीही छायाचित्रे असतात. पाहुण्याला ओसरीवर बसवले, म्हणून त्याच्या हाती कपाटाची किल्ली कोणी देत नाही. आयफोनमध्ये २०२० पासून आणि अँड्रॉइडमध्ये २०२३ पासून, नव्या आवृत्त्यांत, निवडक छायाचित्रांपुरतीच परवानगी देण्याची सोय आहे. दिलेली परवानगी सेटिंग्जमधून काढूनही घेता येते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या खटल्यातील याचिकाकर्ते के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश होते. न्यायालयाने मान्य केलेला हा हक्क जपण्यासाठी ‘परवानगी द्या’ या शब्दांवर बोट ठेवण्यापूर्वी वरची ओळ वाचणे आवश्यक आहे.