एकवीस हजारांचा उंबरठा

देवळी तालुक्यातल्या काही गावांत मी गेली बरीच वर्षे लोकांचे अर्ज भरून देतो. हा माझा व्यवसाय नव्हे. अक्षर बरे आहे आणि शासन निर्णय वाचण्याची खोड आहे, एवढीच पात्रता. एकदा श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरताना एका म्हातारीला विचारले, "मावशी, वर्षाचं उत्पन्न किती लिहू?" ती म्हणाली, "जेवढं लिवल्यानं पैसे भेटते, तेवढं लिव ना बाप्पा."

तेव्हा मी हसलो. पुढे शासन निर्णय एकामागून एक वाचत गेलो, तेव्हा लक्षात आले की तिने नियमाचे अगदी अचूक वर्णन केले होते.

आपल्याकडे 'पेन्शन' म्हटले की डोळ्यांपुढे निवृत्त शिक्षक किंवा कारकून येतो. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी जुन्या निवृत्तिवेतनासाठी संप केला आणि १ नोव्हेंबर २००५ ही तारीख घराघरांत पोचली. त्या तारखेला किंवा त्यानंतर नोकरीत लागलेल्यांना जुने पेन्शन नाही, हा त्या वादाचा मुद्दा होता. हिंगणघाट-पुलगावच्या कापड गिरण्यांत आयुष्य घालवलेल्यांचे पेन्शन वेगळे. ते १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून येते आणि त्याची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात निंदण-खुरपण केले, कापूस वेचला, त्यांचा मालक एक नव्हता आणि हजेरीपटही नव्हता. निवृत्तीची तारीखही नव्हती. त्यांच्यासाठी जे आहे त्याला गावात 'निराधारचे पैसे' म्हणतात.

या पैशांचे मूळ राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात आहे. बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व या प्रसंगी राज्याने आपल्या ऐपतीनुसार साहाय्य द्यावे, असे ते सांगते. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यामुळे त्यावर थेट कोर्टात दावा लावता येत नाही. महाराष्ट्राने १९८० साली, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली. त्याच वर्षी केंद्राने स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनला 'सन्मान' हे नाव दिले. ज्या जिल्ह्यात १६ ऑगस्ट १९४२ चे आष्टी घडले, तिथे त्या शब्दाचे मोल सांगायला नको. एकाच वर्षी एकाला 'सन्मान' मिळाला आणि दुसऱ्याला 'अनुदान'. सन्मानावर हक्क असतो. अनुदान मात्र मंजूर व्हावे लागते आणि त्यासाठी आधी 'निराधार' ठरावे लागते.

आज योजनांची रचना ढोबळमानाने अशी आहे. विधवा, घटस्फोटिता, दिव्यांग, दुर्धर आजाराचे रुग्ण अशांसाठी संजय गांधी योजना. ६५ वर्षांवरील वृद्धांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वृद्धाचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राचा वाटाही त्यात मिसळतो. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली तेव्हा तो वाटा ७५ रुपये होता. २००६ मध्ये २०० झाला आणि ऐंशीच्या आतल्या वृद्धांसाठी अजूनही २०० च आहे. केंद्राने २०११ मध्ये वयाची अट ६५ वरून ६० वर आणली. आपल्या राज्यात ती ६५ च राहिली. राज्याने आपली रक्कम मात्र वाढवत नेली. ६०० रुपयांचे २०१९ मध्ये १,००० झाले आणि जुलै २०२३ पासून १,५०० झाले.

रक्कम वाढली, पण पात्रतेचा आकडा हलला नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये.

हा आकडा शासनाच्याच दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहू. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली कल्पना. राज्याने १९७७ मध्ये तिचा कायदा केला आणि २००५ मध्ये केंद्राने तशी हमी देशभर दिली. या योजनेचा महाराष्ट्रातला २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. या दराने एखाद्या कुटुंबाने ६७ दिवस काम केले तर २०,९०४ रुपये होतात. अडुसष्टाव्या दिवशी ते कुटुंब श्रावणबाळच्या मर्यादेबाहेर जाते. हमी मात्र १०० दिवसांची, म्हणजे ३१,२०० रुपयांची होती. शासनाने कबूल केलेले काम शासनाने ठरवलेल्या मजुरीवर पूर्ण केले, तर शासनाच्याच हिशेबाने ते कुटुंब मदतीला अपात्र ठरते.

मग योजना चालते कशी? ती दाखल्यावर चालते. तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि त्यात २१,००० च्या आतला एखादा आकडा. मी पाहिलेले असे बहुतेक दाखले या मर्यादेच्या जरा खालीच थांबलेले असतात. शेजारी राहणारा मुलगा कागदावर 'वेगळा' होतो, शिधापत्रिका फुटते. हे लबाड लोकांचे काम नाही. खरा आकडा लिहिला तर खरोखर गरीब माणूसही बाद होतो, म्हणून सगळेच समजून घेतात.

या समजूतदारपणाची किंमत मात्र अर्जदार मोजतो. अर्ज मंजूर करायला तालुका पातळीवर समिती असते. तिचा अध्यक्ष अशासकीय असतो, म्हणजे बहुधा सत्ताधारी पक्षाचा कार्यकर्ता. सरकार बदलले की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमेपर्यंत काम तहसीलदारांकडे जाते. ज्याचा दाखला काटेकोर तपासणीत टिकणार नाही हे सर्वांनाच ठाऊक आहे, तो माणूस समितीपुढे हक्क मागू शकत नाही. तो विनंती करतो. मंजुरी आली की ती 'भाऊंनी करून दिली' असे होते. अट अशी घालायची की जवळजवळ कोणीच ती प्रामाणिकपणे पाळू शकणार नाही, आणि मग सूट द्यायची. उपकाराचे राजकारण उभे राहते ते या फटीत.

जुलै २०२४ पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेने हा विरोधाभास उघडा पाडला. रक्कम तीच, १,५०० रुपये. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा मात्र अडीच लाख. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. ही योजना ६५ वर्षांपर्यंतच्या स्त्रियांसाठी आहे. त्यापुढे श्रावणबाळ. म्हणजे चौसष्टाव्या वर्षी अडीच लाखांच्या आत असलेली बाई पात्र असते. पासष्टी ओलांडल्यावर तेच १,५०० रुपये चालू राहायचे तर तिचे कुटुंब जवळपास बारा पटींनी गरीब व्हायला हवे. तेही नेमके गुडघे बोलू लागतात त्या वयात.

'मर्यादा वाढवली तर तिजोरीला झेपणार नाही' हे उत्तर नेहमी मिळते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. अर्जदार वाढतील, खर्च वाढेल. पण मर्यादा हलवता येते, याचा पुरावा याच योजनेत आहे. दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये केलेली आहे. अर्थात दिव्यांगांनाही सगळे सहज मिळाले असे नाही. राज्य ४० टक्के अपंगत्व मान्य करते, तर केंद्राच्या दिव्यांग पेन्शनला ८० टक्के लागते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २४ व्या कलमाने सांगितले की अशा योजनांत दिव्यांगांची रक्कम इतरांपेक्षा किमान पंचवीस टक्के जास्त असावी. तरीही महाराष्ट्रात विधवा, वृद्ध आणि दिव्यांग यांना अनेक वर्षे एकच रक्कम मिळत राहिली. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ती २,५०० रुपये झाली. कायद्यानंतर नऊ वर्षांनी.

वर्ध्याच्या मातीत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम उभारले. तिथे रोग्याला भिक्षेकरी मानले नाही; झेपेल ते काम दिले आणि त्याचा माणूस म्हणून मान राखला. मदत घेणाऱ्याला खाली मान घालायला लावू नये, हे तिथून शिकण्यासारखे आहे. आज निराधारच्या रांगेत नेमके तेच घडते, आणि ते कोणा दुष्टाच्या हातून नाही, एका जुन्या आकड्यामुळे घडते.

करायचे काय, ते फार अवघड नाही. मर्यादा दरवर्षी रोजगार हमीच्या दराशी जोडावी, म्हणजे निदान शंभर दिवसांची मजुरी तिच्या आत बसेल. शिधापत्रिका लाडक्या बहिणीला पुरते, तशी तिच्या आईलाही पुरावी. मग समितीला दाखल्यावरची मेहेरबानी उरणार नाही, फक्त पात्रता पाहावी लागेल.

त्या मावशीच्या अर्जात मी शेवटी वीस हजार लिहिले. तिने अंगठा उठवला, मी साक्षीदार म्हणून सही केली. तिला पैसे मिळाले. पण ज्या कागदावर आम्हा दोघांची खूण आहे, त्यावरचा आकडा खरा नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. तिला खरे लिहूनही पैसे मिळाले असते, तर त्या दिवशी तिला माझी गरज पडली नसती. आणि भाऊंचीही.