खेळाची डिस्क फाइलमध्ये उतरवताना

जुन्या कन्सोलचे खेळ संगणकावर चालवू पाहणाऱ्याला सुरुवातीलाच एक कोडं पडतं. डिस्कची 'इमेज' करायची एवढं ठरलेलं असतं, पण ती कुठल्या फॉरमॅटमध्ये? आयएसओ, बिन आणि क्यू, सीसीडी, एमडीएफ, जीडीआय, पीबीपी, सीएसओ, आरव्हीझेड, सीएचडी... यादी लांबत जाते आणि शेवटी बहुतेक जण सर्वांत लहान फाइल देणारा फॉरमॅट निवडून मोकळे होतात.

माझ्या मते आकाराचा विचार दुसऱ्या क्रमांकाचा आहे. आधी विचारायचं ते हे, की या फाइलपासून मूळ डिस्कवरचा मजकूर जसाच्या तसा, एकही बाइट इकडचा तिकडे न होता, परत काढता येतो का? येत असेल तर फाइल हवी तेवढी आवळावी. येत नसेल, तर ती फाइल म्हणजे खेळण्यापुरती केलेली सोय. ती जतन केलेली प्रत नव्हे.

हा भेद आता महत्त्वाचा झाला आहे, कारण डिस्क म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. कन्सोलवर सीडी पहिल्यांदा आली ती डिसेंबर १९८८ मध्ये, जपानात, पीसी इंजिन या यंत्राच्या सीडी-रॉम जोडणीबरोबर. सेगा सॅटर्न आणि सोनीचं प्लेस्टेशन, दोन्ही १९९४ च्या अखेरीस आली. म्हणजे या पिढीतल्या डिस्कनी तिशी ओलांडली किंवा गाठत आणली. लेबलखालचा धातूचा पातळ थर हवेशी संयोग पावून निस्तेज होतो, मग डिस्कवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागतात. दुसरीकडे सीडी वाचणारे ड्राइव्हही लॅपटॉपमधून केव्हाच हद्दपार झाले. आज चुकीच्या फॉरमॅटमध्ये उतरवलेली डिस्क दहा वर्षांनी पुन्हा नीट उतरवता येईलच, याची खात्री नाही.

नेमकं काय हरवतं हे कळायला सीडीच्या पोटात शिरावं लागतं. सीडीवरचा मजकूर सेक्टरमध्ये विभागलेला असतो. एका सेकंदाला ७५ सेक्टर, प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटांचा. गाण्याच्या सीडीत हे सगळे बाइट आवाजाचेच. संगणकाच्या सीडीत मात्र २०४८ बाइट खऱ्या मजकुराचे असतात आणि उरलेल्यात सेक्टरची सुरुवात ओळखण्याची खूण, त्याचा पत्ता आणि चुका पकडून दुरुस्त करणारे आकडे असतात. निव्वळ दुरुस्तीसाठी २७६ बाइट. गाण्यात एखादा कण हरवला तर आजूबाजूच्या आवाजावरून तो अंदाजाने भरता येतो, कानाला कळतही नाही. प्रोग्रॅममध्ये असा अंदाज चालत नाही, म्हणून हा जादा बंदोबस्त. ७४ मिनिटांच्या सीडीला आपण ६५० मेगाबाइटची म्हणतो ते २०४८ च्या हिशोबाने. २३५२ चा हिशोब धरला तर तीच सीडी साडेसातशेच्या आसपास जाते. एकाच डिस्कच्या आयएसओ आणि बिन फाइलींच्या आकारात फरक पडतो तो इथे.

आयएसओ फाइल प्रत्येक सेक्टरमधून फक्त २०४८ बाइट उचलते. ऑफिसच्या सॉफ्टवेअरच्या सीडीला एवढं पुरतं. प्लेस्टेशनच्या खेळाला पुरत नाही. त्या सीडीवर दोन प्रकारचे सेक्टर सरमिसळ लिहिलेले असतात. प्रोग्रॅम आणि चित्रं पहिल्या प्रकारात, २०४८ बाइटांत. मधल्या चित्रफितींचा आवाज दुसऱ्या प्रकारात, तिथे दुरुस्तीचे आकडे काढून टाकून २३२४ बाइट वापरलेले. आयएसओ करताना या दुसऱ्या प्रकाराचं शेपूट कापलं जातं आणि आवाज तुटतो किंवा जातोच. शिवाय कित्येक खेळांचं पार्श्वसंगीत सरळ गाण्याच्या सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकमध्ये असतं. 'रिज रेसर' हा शर्यतीचा खेळ एकदा सुरू झाला की पुरता मेमरीत बसे आणि लोक सीडी काढून तिथे स्वतःच्या आवडीच्या गाण्यांची सीडी घालत, ते यामुळेच शक्य होतं. आयएसओमध्ये या ट्रॅकना जागाच नसते. खेळ सुरू होतो, गाडी धावते आणि संगीत नाही. खेळणाऱ्याला वाटतं, एम्युलेटर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, बिघडला.

म्हणून सीडीच्या काळातल्या खेळांसाठी पहिली पायरी बिन आणि क्यू. बिनमध्ये २३५२ बाइटांचे पूर्ण सेक्टर. क्यू ही साधी मजकुराची फाइल, कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो आणि तो डेटाचा की आवाजाचा हे सांगणारी. ती नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. बिनचं नाव बदललं आणि क्यूच्या आत तसंच ठेवलं की गाडी अडते, एवढंच एक पथ्य.

पण बिनही सगळं उचलत नाही. प्रत्येक सेक्टरसोबत आणखी ९६ बाइटांची एक बारीक पट्टी धावत असते, तिला सबचॅनल म्हणतात. तिच्यातला क्यू नावाचा भाग (वरची क्यू फाइल वेगळी) 'आता कितवा ट्रॅक, किती मिनिटं झाली' हे ड्राइव्हला सांगतो. एरवी हे सगळं नव्याने तयार करता येतं, म्हणून कुणी ते साठवत नाही. सोनीने नेमका याच सवयीचा फायदा घेतला. युरोपात विकल्या जाणाऱ्या पाल आवृत्तीच्या काही खेळांत 'लिबक्रिप्ट' नावाचं कुलूप बसवलं. ठरावीक सेक्टरांचा क्यू मुद्दाम बिघडवून ठेवायचा. कुठले बिघडवले, कुठले नाहीत यावरून १६ बिटांची एक किल्ली तयार होते आणि खेळ चालू असताना ती तपासतो. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम तो बिघाड इमानेइतबारे दुरुस्त करून टाकतो आणि किल्ली हरवते. 'फायनल फँटसी ९' ची पाल आवृत्ती यातलीच, 'स्पायरो: इयर ऑफ द ड्रॅगन' ची पालही यातलीच. आपल्याकडेही टीव्ही पाल पद्धतीचा होता, त्यामुळे जुन्या संग्रहात पाल डिस्क असण्याची शक्यता बरीच.

यावर उपाय म्हणजे एसबीआय नावाची चिमुकली फाइल. बिघडवलेल्या क्यूंची फक्त नोंद, अर्ध्या किलोबाइटच्या आत. इमेजचं जे नाव तेच तिचं नाव ठेवून शेजारी ठेवली की खेळ पुढे सरकतो. सातशे मेगाबाइटांच्या डिस्कचा जीव अशा चारपाचशे बाइटांत अडकलेला असावा, याचं मला अजूनही नवल वाटतं. सीसीडी आणि एमडीएफ हे फॉरमॅट सबचॅनलसुद्धा सोबत घेतात, पण एम्युलेटरच्या जगात बिन, क्यू आणि एसबीआय हे त्रिकूटच जास्त रुळलं आहे.

आता आकाराकडे वळू. सीएचडी हा फॉरमॅट 'मेम' या आर्केड एम्युलेटरच्या प्रकल्पात एरन जाइल्स यांनी घडवला, तो मुळात आर्केड यंत्रांतल्या हार्ड डिस्कसाठी. नाव 'कॉम्प्रेस्ड हंक्स ऑफ डेटा', म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी आवळलेला डेटा. सगळी डिस्क एका झिपमध्ये कोंबली तर मधला एक सेक्टर वाचायलाही अलीकडचं सगळं उलगडावं लागतं. खेळ तर सतत इकडून तिकडे उड्या मारत वाचत असतो. म्हणून सीएचडी सीडीचे आठ-आठ सेक्टरांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा स्वतंत्र आवळतो. संगीताचे ट्रॅक फ्लॅकने, जे आवाजाचा एकही कण टाकत नाही. डेटासाठी एलझेडएमए किंवा डिफ्लेट.

त्यातली मला सर्वांत आवडणारी युक्ती दुरुस्तीच्या आकड्यांची आहे. ते आकडे मजकुरावरूनच गणिताने निघालेले असतात. ज्याला पाढे पाठ आहेत त्याने भिंतीवर तक्ता कशाला टांगायचा? सीएचडी ते आकडे स्वतः काढून बघतो, डिस्कवरच्यांशी तंतोतंत जुळले तर साठवतच नाही, फक्त 'जुळले' अशी खूण करतो. जुळले नाहीत तर मुकाट्याने जसेच्या तसे ठेवतो. टाकायचं ते तपासून, परत काढता येतं याची खात्री करूनच टाकायचं. चांगल्या फॉरमॅटची माझी परीक्षा हीच.

शिवाय फाइलीत संपूर्ण मजकुराचा ठसाही (हॅश) नोंदलेला असतो, त्यामुळे हार्ड डिस्कवर काही सडलं तर सीएचडीमॅन या साधनाने ते लगेच ताडता येतं. त्याच साधनाने बिन आणि क्यू परत काढता येतात. मूळ इमेजमध्ये प्रत्येक ट्रॅकची वेगळी बिन असली तरी परत येताना बहुधा सगळे ट्रॅक एकाच बिनमध्ये जोडून येतात. ठसा जुळला नाही म्हणून घाबरून जाऊ नये, आतला मजकूर तोच असतो. मात्र बिन आणि क्यूपासून केलेल्या सीएचडीत सबचॅनल येत नाही, तेव्हा एसबीआय फाइल सीएचडीच्या शेजारीही लागतेच.

निन्टेन्डोच्या डिस्कची गोष्ट वेगळी आणि माझ्या दृष्टीने अधिक रंजक. गेमक्यूबची आठ सेंटिमीटरची चकती नेहमी १,४५,९९,७८,२४० बाइटांचीच भरते, खेळ कितीही छोटा असो. 'ॲनिमल क्रॉसिंग' चा खरा मजकूर काही डझन मेगाबाइटांचा, बाकी सगळी भर. ही भर शून्यांची असती तर कुठल्याही झिपने चुटकीसरशी गिळली असती. पण ती दिसायला पूर्ण विस्कळीत आकड्यांची आहे आणि विस्कळीत आकडे आवळले जात नाहीत. निन्टेन्डोच्याच वी (Wii) या कन्सोलच्या डिस्कवर तर मजकूरच कुलूपबंद केलेला असतो आणि कुलूपबंद मजकूरही तसाच विस्कळीत दिसतो.

लोकांनी आधी सोपा मार्ग काढला, भर सरळ खरडून काढायची. डब्ल्यूबीएफएस हा त्यातला प्रसिद्ध फॉरमॅट. वीला जोडलेल्या हार्ड डिस्कवर जागा वाचवायला उत्तम, पण खरवडलेलं परत येत नाही. डॉल्फिन एम्युलेटरच्या मंडळींनी २०२० मध्ये आरव्हीझेड आणला आणि प्रश्न मुळातून सोडवला. ती भर वरवर विस्कळीत असली तरी एका ठरावीक सूत्राने तयार झालेली आहे. सूत्र ठाऊक असेल तर भरीच्या एका सलग भागासाठी ६८ बाइटांचं बीज पुरतं, बाकीचे आकडे वाचताना पुन्हा उगवतात. वीच्या डिस्कसाठी आरव्हीझेड आधी कुलूप उघडतो, प्रत्येक ३२ किलोबाइटांच्या गठ्ठ्यातला तपासणीच्या ठशांचा एक किलोबाइट बाजूला काढतो, कारण तेही मजकुरावरून मोजता येतात, आणि उरलेलं आवळतो. मूळ आयएसओ मागितलं की ठसे मोजून, कुलूप पुन्हा लावून तीच फाइल हातात देतो, एका बाइटचाही फरक नाही. गेमक्यूब आणि वीसाठी मी दुसरं काही सुचवणार नाही.

सेगाच्या ड्रीमकास्टच्या बाबतीत निवड फार सरळ आहे, पण चुकतेही सर्वांत जास्त. त्याची जीडी-रॉम यामाहाने तयार केलेली, साधारण एक गिगाबाइटची. जीडीआय फॉरमॅट तिचे सगळे ट्रॅक जसेच्या तसे ठेवतो आणि त्यावरून सीएचडीही करता येते. सीडीआय फाइली मात्र साध्या सीडीवर बर्न करण्याच्या काळातल्या. एक गिगाबाइट सातशे मेगाबाइटांत बसवायला चित्रफिती दाबलेल्या, आवाज पातळ केलेला, कधी काही भाग वगळलेला. असं काही न करता जे खेळ मुळातच सातशेत मावत ते सुटले, पण बाहेरून बघून ते कळत नाही. सीडीआय टाळावा.

पीएसपीसाठी सीएसओ वर्षानुवर्षं चालत आला, चांगला आहे, काही न गमावता परत येतो. हल्ली पीपीएसएसपीपी हा पीएसपीचा एम्युलेटरही सीएचडी वाचतो. प्लेस्टेशन २ चे काही खेळ सीडीवर आले, बहुतेक डीव्हीडीवर. डीव्हीडीसाठी आयएसओ पुरेसा, कारण तिथे ड्राइव्ह २०४८ बाइटच बाहेर देतो. सीएचडी करताना मात्र सीडीची आज्ञा वेगळी, डीव्हीडीची वेगळी. डीव्हीडीच्या किंवा पीएसपीच्या इमेजला सीडीची आज्ञा दिली तर प्रत्येक सेक्टर उगाच फुगवला जातो आणि पीपीएसएसपीपीसारखे एम्युलेटर अशा फाइलीवर कुरकुर करतात. एकाहून जास्त डिस्कचा खेळ असेल, जसा तीन डिस्कचा 'फायनल फँटसी ७', तर सगळ्या सीएचडींची नावं ओळीने लिहिलेली एम-३-यू फाइल करावी, मग डिस्क बदलताना जतन केलेला खेळ तुटत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे आहे त्याला, ती हरवणं किंवा खराब होणं यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप घेण्याची मुभा आहे. ती मुभा त्या माणसापुरती आहे, गावभर वाटायची नाही. हा लेखही स्वतःच्या कपाटातल्या डिस्कपुरताच आहे.

आणि त्या कपाटात एखाद्याकडे भारतात बनलेल्या खेळांच्या डिस्क असतील, तर त्यांना पहिला मान द्यावा. हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा 'हनुमान: बॉय वॉरियर' २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर आला, त्याच वर्षी 'देसी अड्डा'. मुंबईच्या ट्राइन गेम्सने 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' केला. जपानी, अमेरिकी खेळांच्या प्रती जगभर हजारो जणांकडे आहेत, रीडम्पसारख्या प्रकल्पात त्यांचे ठसे नोंदवलेले आहेत. आपल्या खेळांच्या पाठीशी तेवढे हात नाहीत. अशी डिस्क हाताला लागली तर एखादा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह मिळवून ती दोनदा वाचावी, दोन्ही फाइलींचे ठसे ताडून पाहावेत, जुळले तरच सीएचडी करावी. डिस्कच्या आतल्या पारदर्शक कड्याजवळ कोरलेले बारीक क्रमांक वहीत उतरवावेत, लेबलचा आणि माहितीपुस्तिकेच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये ठेवावा, आणि त्या फोल्डरची दुसरी प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी.