नकाशावरची पाटी : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुण्यात कोथरूडच्या एका आतल्या गल्लीत, भिंतीला टेकवून उभे केलेले सीपीव्हीसीचे पाइप, पत्र्याच्या डब्यांतून मापाप्रमाणे लावलेले एल्बो, टी आणि कपलिंग, आणि गल्ल्याशेजारी टेफ्लॉन टेपच्या रिळांची चळत, एवढ्या सामग्रीवर गेली अनेक वर्षे सचोटीने धंदा करणारे एक प्लंबर माझ्या परिचयाचे आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांनी दुकानाच्या उंबरठ्यावर उभे राहून गूगलवर ‘जवळचा प्लंबर’ असा शोध घेतला आणि नकाशाखाली आलेल्या तीन नावांत आपले नाव सर्वांत वर असल्याचे मला मोठ्या समाधानाने दाखविले. “साहेब, पुण्यात आपला पहिला नंबर आहे,” असे ते म्हणाले. हा क्रमांक मिळवून देण्याबद्दल एका मध्यस्थाने त्यांच्याकडून वर्षाची रक्कम आगाऊ घेतलेली होती. आणि तरीही हडपसरहून वा खराडीहून एकही फोन का येत नाही, हे कोडे त्यांना उलगडत नव्हते.

मी त्यांना हडपसरला राहणाऱ्या त्यांच्या भाच्याला फोन लावून तोच शोध घ्यायला सांगितले. भाच्याने तिन्ही नावे वाचून दाखविली, आणि त्यांत मामांच्या दुकानाचे नाव नव्हते. या एका प्रयोगात या विषयातील सर्वांत मोठ्या गैरसमजाचे निराकरण आहे. अवघ्या शहरात मिळून एकच पहिला क्रमांक असतो ही कल्पनाच मुळात चुकीची आहे. स्थानिक शोधाचा निकाल हा शोधणारा माणूस ज्या जागी उभा असेल त्या जागेपुरता असतो. गूगलने स्वतःच जाहीर केल्याप्रमाणे हा निकाल मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो : विचारलेल्या कामाशी दुकानाची संबद्धता, शोधणाऱ्यापासून दुकानाचे अंतर, आणि दुकानाची ख्याती. यांपैकी अंतर ही गोष्ट कोणाही मध्यस्थाच्या हातची नाही. आपल्याच दुकानात उभे राहून आपलेच नाव शोधणाऱ्याला अंतर शून्य असल्यामुळे ते वरच दिसायचे. त्यावरून गिऱ्हाइकाला काय दिसते याचा अंदाज बांधणे म्हणजे आपल्या घरातील घड्याळावरून गाडीची वेळ ठरविण्यासारखे आहे.

दुसरा समज पैशाचा. नकाशावरील नोंद, जिला आज ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात आणि 2021 पर्यंत ‘गूगल माय बिझनेस’ म्हणत, ती पूर्णतः निःशुल्क आहे. आणि तिचे स्थान वर नेण्यासाठी गूगलला पैसे देण्याची कोणतीही सोय अस्तित्वात नाही. पैसे देऊन मिळते ती जाहिरात, आणि ती ‘प्रायोजित’ अशा शिक्क्यानिशी वेगळी दाखविली जाते. सबब, “आम्ही गूगलकडून बोलतो, नोंद चालू ठेवण्यासाठी रक्कम भरा,” असा फोन आल्यास तो निःशंकपणे ठेवून द्यावा. मेहनताना घेऊन नोंद नीट भरून देणारे, फोटो काढून देणारे प्रामाणिक लोक आहेत आणि त्यांचा मेहनताना रास्त आहे. परंतु पहिल्या क्रमांकाची हमी देणारा मनुष्य जी वस्तू आपल्या मालकीचीच नाही तिची विक्री करीत असतो.

आमच्या प्लंबरांच्या मध्यस्थाने आणखी एक उपद्व्याप करून ठेवला होता. दुकानाच्या पाटीवर आराध्यदैवताचे नाव आणि पुढे ‘प्लंबिंग वर्क्स’ एवढेच शब्द असताना, नकाशावर त्या नावापुढे ‘बेस्ट प्लंबर पुणे, टाकी सफाई, चोवीस तास सेवा’ अशी लांबलचक शेपटी जोडलेली होती. असे केल्याने शोधात नाव वर येते हा समज निखालस खोटा नाही, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. नावातील शब्दांचा काही काळ लाभ होतो. परंतु नोंदीवरील नाव हे प्रत्यक्ष व्यवहारातील नावच असले पाहिजे, असा गूगलचा स्पष्ट नियम आहे. शेजारचा प्रतिस्पर्धीसुद्धा त्याविषयी तक्रार करू शकतो, आणि ती ग्राह्य ठरली की शेपटी छाटली जाते किंवा सबंध नोंदच स्थगित होते. मग अपिलासाठी गुमास्ता परवाना, वीजबिल अशी कागदपत्रे जमविताना ऐन हंगामात फोन बंद पडतो. महाराष्ट्रात 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झालेली आहे; त्या पाटीवर जे नाव आहे तेच नकाशावर असावे, हा साधा दंडक पाळल्यास या संकटाचे कारणच उरत नाही.

मग कामाचे स्वरूप सांगावयाचे कोठे? त्याची जागा प्रवर्ग ही होय. प्रत्येक नोंदीला एक मुख्य प्रवर्ग आणि आणखी नऊपर्यंत उपप्रवर्ग देता येतात. आमच्या गृहस्थांच्या नोंदीत मुख्य प्रवर्ग ‘हार्डवेअरचे दुकान’ असा पडलेला होता, कारण गाळ्यात पाइप विकावयास ठेवलेले होते! ज्याच्या घरात मध्यरात्री नळ फुटला आहे तो हार्डवेअरचे दुकान कशाला शोधील? तो प्रवर्ग बदलून ‘प्लंबर’ करण्यास दोन मिनिटे लागली, आणि माझ्या मते वर्षभराच्या त्या खर्चापेक्षा ती दोन मिनिटे अधिक मोलाची होती.

सेवाक्षेत्राविषयीचा समजही असाच. नोंदीत वीसपर्यंत गावे वा उपनगरे लिहिता येतात. परंतु ती गिऱ्हाइकाच्या माहितीसाठी असतात, आणि खराडीचे नाव लिहिल्याने कोथरूडचे दुकान खराडीच्या जवळ सरकत नाही. यावर तोड म्हणून कोणी लांबच्या उपनगरात केवळ टपालापुरता पत्ता भाड्याने घेऊन दुसरी नोंद करतात. जेथे आपला माणूस कामाच्या वेळात बसत नाही अशी जागा नियमात बसत नाही. उलट, जे घरूनच काम करतात आणि ज्यांच्याकडे गिऱ्हाईक येत नाही, त्यांनी घराचा पत्ता झाकून केवळ सेवाक्षेत्र दाखवावे. तशी मुभा आहे, किंबहुना तोच नियम आहे.

आता अभिप्रायांकडे वळतो, कारण येथे गैरसमजाला अप्रामाणिकपणाची जोड मिळते. अभिप्रायांची संख्या आणि गुणांकन यांचा ख्यातीशी संबंध आहे, हे खरे. त्यावरून कोणी पाच तारांकित अभिप्राय विकत घेतात, कोणी अभिप्रायाच्या बदल्यात बिलात सूट देतात, तर कोणी समाधानी गिऱ्हाइकालाच तेवढा दुवा पाठवून नाराजाला वगळतात. तिन्ही प्रकार निषिद्ध आहेत. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोनेही नोव्हेंबर 2022 मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले, यावरून या रोगाचा फैलाव ध्यानी यावा. अभिप्राय मागणे मात्र गैर नाही, आणि पुष्कळ सज्जन व्यावसायिक संकोचापोटी तो मागतच नाहीत याचे मला वाईट वाटते. काम संपले, वॉशबेसिनखालचा भाग कोरडा करून दाखविला, बिल दिले, की त्याच वेळी “दोन ओळी लिहाल का?” असे विचारावे आणि क्यूआर कोड पुढे करावा. एखादा कटू अभिप्राय आल्यास तो काढून टाकण्याचा अर्ज बहुधा व्यर्थ जातो, कारण केवळ नापसंती हा नियमभंग नव्हे. त्याखाली शांतपणे, नेमक्या शब्दांत, आणि गिऱ्हाइकाने मराठीत लिहिले असेल तर मराठीतच उत्तर द्यावे. पुढचे गिऱ्हाईक तक्रारीइतकेच ते उत्तरही वाचते.

उरलेल्या समजांना फार जागा देण्याचे कारण नाही. छायाचित्रांत अक्षांश-रेखांश भरल्याने स्थान उंचावते या प्रचाराला गूगलच्या मार्गदर्शनात कोठेही आधार नाही. छायाचित्रे खऱ्या कामाची असावीत, एवढेच पुरे. रात्री फोन उचलणार नसाल तर वेळ ‘चोवीस तास’ अशी लिहू नये. गूगलने नोंदीसोबत दिलेली फुकट संकेतस्थळे मार्च 2024 मध्ये बंद झाली. ज्यांच्या बिलावर आणि व्हिजिटिंग कार्डावर तो जुना पत्ता अद्याप छापलेला आहे, त्यांनी तो बदलून घ्यावा.

आता या प्रकरणातील सर्वांत दुःखद भाग सांगावयाचा आहे. ही सारी दुरुस्ती करावयास बसलो तेव्हा असे आढळले की, नोंदीचे मालक म्हणून त्या मध्यस्थाचे ईमेल खाते होते आणि आमचे प्लंबर केवळ व्यवस्थापक होते. म्हणजे दुकान यांचे, नोंदीवरील अभिप्राय यांच्या घामाचे, आणि मालकी परक्याची. मालकी परत मिळविण्यासाठी गूगलकडे रीतसर विनंती करावी लागली आणि दुकानाची पाटी, आतील सामान, शटरची किल्ली हे सारे दाखवून पडताळणी पूर्ण करावी लागली. मुखत्यारपत्र देणे वेगळे आणि जमीन लिहून देणे वेगळे, हे आपल्या शेतकऱ्याला उपजत कळते. तोच विवेक येथेही हवा. मदतनीसाला व्यवस्थापक करावे, मालक कधीही करू नये. आपले छोटे दुकान असेल तर आजच आपली नोंद उघडा, आणि मालक म्हणून तेथे कोणाचे नाव आहे ते सर्वांत आधी वाचा.