गिरसप्पाचे हरवलेले गवत

लहानपणी पिंपळाचे पान पुस्तकात घालून त्याची जाळी होण्याची वाट कोणी पाहिली नाही? वनस्पतिशास्त्रज्ञ साधारण तोच उद्योग जन्मभर करतात. रोप टिपकागदात दाबून वाळवायचे, जाड कागदावर डकवायचे आणि कोपऱ्यात चिठ्ठी लावायची : कुठे मिळाले, केव्हा आणि कोणाला. अशा कागदांच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. सारी किंमत त्या चिठ्ठीची! ती नसेल तर उरतो नुसता पाचोळा.

अशाच एका कागदाची ही हकिकत. १९१९ साली सेजविक आणि बेल या दोघांनी गिरसप्पाच्या धबधब्यापाशी एक नाजूक गवत गोळा केले. कारवार जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सेजविकसाहेब सनदी नोकर. १९२१ ची इलाख्याची खानेसुमारी त्यांच्याच देखरेखीखाली झाली. लाखो माणसे मोजणाऱ्या गृहस्थाला गवताच्या काडीचीही नोंद ठेवावीशी वाटली, हे विशेषच म्हणायचे. बेलसाहेब जंगलखात्यातले, आणि फुलपाखरांचे मोठे जाणकार.

त्या गवताला नाव मिळायला मात्र १९५० साल उजाडले. लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात नॉर्मन बोर होते. पूर्वी आसामात जंगल अधिकारी असल्यामुळे हिंदुस्थानातली गवते त्यांच्या ओळखीची. वाळलेला नमुना तपासून त्यांनी निर्णय दिला, की ही जात नवी आहेच, पण हिचे घराणेही नवे आहे. क्यूमधलेच गवतांचे अधिकारी पुरुष हबर्ड यांच्यावरून घराण्याचे नाव झाले हबर्डिया, आणि सात शिरांवरून जातीचे हेप्टान्यूरॉन.

बारसे झाले खरे, पण पुढे बाळच दिसेनासे झाले! या गवताला तुषारांनी सदा भिजलेला कातळ लागतो. १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाले, शरावतीचे पाणी विजेकडे वळले आणि धबधब्याचे तुषार ओसरले. विजेची गरज होती, हे कोण नाकारील? पण गवताच्या बाजूने बोलायला तेव्हा कोणी नव्हते. पुढे शोधूनही ते सापडेना, आणि ते नष्ट झाले असेच शास्त्रज्ञ धरून चालले. उरला होता तो कपाटातला कागद.

आणि २००२ साली ते भेटले. गिरसप्पाला नव्हे, तर दूर उत्तरेला, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात, तिलारीच्या ओलसर घाटात! शोधणारे होते शिवाजी विद्यापीठातील प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांचे सहकारी. त्र्याऐंशी वर्षांपूर्वी कोणी ते वाळवून ठेवले नसते, तर त्याचे वर्णन झाले नसते, आणि हरवलेले गवत हेच, असे सांगायला आधारही उरला नसता.

पुढे २०१२ साली पश्चिम घाटातूनच हबर्डियाची दुसरी जात जाहीर झाली. फुलात दोनच पुंकेसर, म्हणून तिचे नाव डायँड्रा. तिचाही नमुना आता चिठ्ठीसह कपाटात जाऊन बसला आहे.