शरीराची स्थिती आणि मोठ्या शिरा

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाला नागपूरला अतिदक्षता विभागात ठेवले होते. मानेतील शिरेत नळी घालण्यापूर्वी डॉक्टरांनी पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली. "आजारी माणसाला उलटे का करता?" असे आम्ही रागानेच विचारले. त्यांनी शांतपणे समजावले, ते सर्वांना उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या भिंती पातळ असतात. ओलिताच्या प्लॅस्टिक पाइपाप्रमाणे त्या भरल्या की फुगतात, रिकाम्या झाल्या की चपट्या होतात. आपण उभे असताना रक्त खाली उतरते व मानेतील मोठी शीर जवळजवळ मिटते. आडवे होताच ती भरते. डोके १० ते १५ अंश खाली केल्यास आणखी रुंद होते. मग सुई नेमकी शिरेत जाते आणि बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा धोकाही कमी होतो. हा उपाय मात्र डॉक्टरांचाच. घरी करू नये.

घरी पाळण्याजोगी गोष्ट गरोदर स्त्रियांसाठी आहे. शेवटच्या महिन्यांत उताणे झोपल्यास पोटातील महाशीर गर्भाशयाच्या भाराने दबते. हृदयाकडे येणारे रक्त घटते, चक्कर येते, बाळाचा रक्तपुरवठाही कमी होतो. ही शीर मणक्याच्या उजव्या बाजूस असते, म्हणून डाव्या कुशीवर झोपावे. एकोडीहून साकोलीला किंवा भंडाऱ्याला गाडीत आडवे करून नेतानाही हे विसरू नये.

यात पैशाचा खर्च नाही. फक्त कूस बदलायची आहे.